पाकिटाची मागची बाजू

सुगंधाबाईंनी आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि ती म्हणजे उकळतं पाणी. ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. बाकी डॉक्टर, औषधांची पेटी, बीपीचं यंत्र, पेशंट आणि पेशंटचे नातेवाईक यांच्यातलं कुणीही खोटं बोलू शकतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. निवृत्त झाल्यावर ही समजूत घरी आली. दूध आलं की त्याचा थेंब नखावर घेऊन बघायचा. शेजारच्या ज्योतीने हळदीकुंकवाचं बोलावणं केलं की ते नक्की आजचंच आहे का, हे तिच्या सासूला फोन करून विचारायचं. सावद्यात लोक त्यांना समोर अक्का म्हणत आणि पाठीमागे सीआयडी.

हा संशय काही जन्मजात नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. वॉर्डात एका म्हाताऱ्याला मॉनिटर लावला होता आणि पडद्यावरची रेघ एकाएकी सरळ झाली. यंत्र ठणाणा बोंबलू लागलं. नवा डॉक्टर शॉकचे तवे हातात घेऊन धावत आला. सुगंधाबाईंनी पाहिलं तर म्हातारा टक्क डोळ्यांनी छताच्या पंख्याकडे बघत होता. छातीवरची एक वायर निसटून गादीवर पडली होती, एवढंच.

"डॉक्टर, आधी माणूस बघा, मग मशीन!" असं म्हणून त्यांनी तवे धरलेले हात मनगटापाशी पकडले होते. त्यासाठी मेमो मिळाला. तो त्यांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवला आहे.

तर अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो तोताराम. केळीचा शेतकरी, सहा फूट उंच, आणि जगावर बेदम विश्वास. कुणी म्हणालं पाऊस येईल, की हा छत्री घेणार. दोन वर्षांपासून सकाळी मळ्यातून चढ चढून येताना तोतारामभाऊंच्या छातीत मध्यभागी दाटल्यासारखं होई. ते थांबत, ढेकर द्यायचा प्रयत्न करत आणि पुढे चालू लागत.

"ग्यास हाये," ते म्हणत.

"गॅस बरा चढावर चालतानाच होतो? बसल्यावर का नाही होत?"

"तो ग्यासले इचार. मले काय इचारतीस?"

सुगंधाबाईंनी त्यांना हाताला धरून जळगावला नेलं. कार्डिओग्राम निघाला. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल. तोतारामभाऊंनी तो कागद गावभर दाखवला. सुगंधाबाईंना तो कागद पटला नाही. दहा सेकंद पलंगावर आडवं पडलेल्या माणसाच्या काळजाचा तो फोटो. मळ्याच्या चढावरच्या काळजाची साक्ष त्यात कुठून येणार? पळवण्याच्या पट्ट्यावरची तपासणी करू या, असं त्यांनी दहादा सांगितलं. केळीची कापणी आली, मग लग्नं आली, मग पुन्हा कापणी. भाऊ काही पट्ट्यावर चढले नाहीत.

घरासमोर रस्त्यापलीकडे प्रकाशचंद शेठचं केळी पॅकिंगचं शेड होतं. घड येतात, फण्या सुट्या होतात, तुरटीच्या पाण्याच्या हौदातून धुऊन निघतात आणि खोक्यात भरून उत्तरेला जातात. तोतारामभाऊंची सकाळ त्या शेडात वजनकाट्याजवळच्या खुर्चीवर जायची. तिथे चहा असे, गप्पा असत, आणि बायको नसे.

गेल्या वर्षीच्या वैशाखात याच शेडात हौदाजवळ रुपचंद पडला. धुळे जिल्ह्यातून शिंदखेड्याकडून आलेला मजूर, वय बेचाळीस. हाक आली तशा सुगंधाबाई पदर खोचून धावल्या. छाती दाबत राहिल्या, एकट्या, दमेपर्यंत आणि दमल्यावरही. अँब्युलन्स आली तेव्हा दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं. रुपचंदचा धाकटा भाऊ पुना तिथेच काट्यावर काम करायचा. तो शेवटपर्यंत भावाचे ओले पाय पुसत बसला होता.

सुगंधाबाई घरी आल्या आणि हात धुताना त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. रुपचंद पडला तिथून तोतारामभाऊंची खुर्ची चार पावलांवर होती.

दुसऱ्या दिवशी त्या प्रकाशचंद शेठसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "शेठ, शॉकचं मशीन आणा."

प्रकाशचंद माणूस वाईट नव्हता. रुपचंदचं त्यालाही लागलं होतं. महिन्याभरात मशीन आलं. शाळेच्या डब्यापेक्षा थोडं मोठं, लाल, भिंतीवर खुंटीला अडकवलेलं. वर रुपचंदचा फोटो लावला आणि खाली पाटी आली, 'कै. रुपचंद यांच्या स्मरणार्थ'. कंपनीचा माणूस टाय लावून शिकवायला आला आणि सुगंधाबाईंच्या तावडीत सापडला.

"हे काय करतं ते मला सरळ सांगा. जाहिरात नको."

त्याने सांगितलं. पाकिटात दोन चिकट पट्ट्या आहेत. एक उजव्या हसळीखाली, गळ्यालगतच्या हाडाखाली, लावायची, दुसरी डाव्या काखेखाली. त्यांतून मशीन काळीज ऐकतं. काळीज ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत असेल तर मशीन सांगतं शॉक द्या, आणि बटण चमकतं. काळीज नीट चालत असेल, किंवा पार थांबलं असेल, तर मशीन नाही म्हणतं. मग बटण कितीही दाबा, काही होत नाही. शिवाय ते रोज आपणहून स्वतःची तपासणी करतं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा लुकलुकतो. बिघाड असेल तर लाल होतो आणि मशीन चिवचिव करून माणसाला बोलावतं.

"म्हणजे पेपर यानेच काढायचा, यानेच लिहायचा आणि यानेच तपासायचा," सुगंधाबाई म्हणाल्या. "पास तर होणारच की."

टायवाला हसला. सुगंधाबाई हसल्या नाहीत. हातातलं मशीन त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. पट्ट्यांचं पाकीट झाकणाच्या आतल्या खणात होतं, मशीनला न जोडलेलं. दुसरं एक जास्तीचं पाकीट शेठने कपाटात कुलपात ठेवलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी आठला सुगंधाबाई शेडात जाऊन दिवा बघू लागल्या. मजुरांना त्यांनी धान्याच्या पोत्यावर छाती दाबायला शिकवलं. पुना सगळ्यांत चांगला शिकला. खांदा सरळ, कोपर ताठ. पोतं फाटलं तरी थांबेना.

"बस कर रे, गहू मेला," तोतारामभाऊ खुर्चीवरून म्हणाले, आणि सगळे हसले. पुना हसला नाही.

दसऱ्याला शेडातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. काटा, कोयते, ट्रॅक्टर, झाडू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. सुगंधाबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "लाल डब्याला हात लावायचा नाही. फूल वाहायचं तर खुंटीला वाहा." दुसऱ्या दिवशी आठला त्या गेल्या. खुंटीला झेंडूची माळ होती. दिवा हिरवा होता. त्यांनी सवयीने झाकण उघडलं आणि आतल्या घडीत, अगदी कोपऱ्यात, त्यांना कुंकवाचा कण दिसला.

"हे कोणी उघडलं?"

कुणीच उघडलं नव्हतं. खोके भरणाऱ्या धुरपदाबाई म्हणाल्या, वाऱ्याने गेलं असेल. वारा झाकण उघडून आत जातो का, असं सुगंधाबाईंनी विचारलं. पुनाने आपल्या अहिराणीत सगळं ठीक असल्याचं सांगितलं, "बठ्ठं बरोबर शे, अक्का. दिवा हिरवा शे." आणि तो काट्याची वजनं पुसू लागला.

सुगंधाबाईंनी पाकीट बाहेर काढलं. छापील बाजू व्यवस्थित, कडा बंद, तारीख पुढल्या सालची. पाकीट परत खणात सरकवलं. पण मन बसेना. प्रकाशचंदने त्यांच्या देखत कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. टायवाला म्हणाला, "मॅडम, हिरवा म्हणजे हिरवा."

"झालं समाधान?" शेठ म्हणाला. "अक्का, तुम्ही तर उद्या देवाच्या समईवरही संशय घ्याल."

"समई विझली तर कळतं, शेठ. तुमच्या कपाटातलं ते दुसरं पाकीट इकडे द्या. एक तरी माझ्या नजरेसमोर हवं."

"मशीन इथं आणि पाकीट तुमच्या घरी? त्याचा काय उपयोग?"

"घरी नाही. पिशवीत."

ते पाकीट त्यांच्या कापडी पिशवीत गेलं, छत्री, चष्मा आणि खडीसाखरेच्या डबीबरोबर. भाजीला गेल्या तरी ते बरोबर असे. तोतारामभाऊ चारचौघांत सांगत, "आमच्या घरी दोन पाकिटं हायेत. एक माह्या खिशात, रिकामं. एक हिच्या पिशवीत, त्याले हात लावला तं ती मारीन."

डिसेंबरात थंडी पडली. अशाच एका सकाळी सुगंधाबाई आठ वाजता दिवा बघून वळल्या आणि त्यांच्या समोर तोतारामभाऊ काट्यावर घड ठेवता ठेवता खाली बसले. बसले म्हणेपर्यंत आडवे झाले. तोंडातून घोरल्यासारखा एकच आवाज आला.

सुगंधाबाई ओरडल्या नाहीत. गळ्याला दोन बोटं लावली. काहीच लागलं नाही.

"पुना! दाब!"

पुना गुडघ्यांवर आला. खांदा सरळ, कोपर ताठ. सुगंधाबाईंनी खुंटीवरून मशीन ओढलं. झेंडूच्या वाळक्या माळेसकट ते खाली आलं. झाकण उघडून बटण दाबताच मशीन बोलू लागलं, भुसावळ स्टेशनवर गाडीची सूचना देणाऱ्या बाईसारख्या बिनघाईच्या हिंदीत. कपडे हटाइए. पॅड लगाइए. प्रकाशचंदने सदरा टराटरा फाडला. सुगंधाबाईंनी पदराने छाती पुसली आणि पाकीट फाडायला उलटं केलं.

मागच्या बाजूला उभी चीर होती. खोके बंद करायच्या पारदर्शक चिकटपट्टीने ती नीट मिटवलेली होती.

आतल्या पट्ट्यांच्या पाठीवर कुंकवाची दोन बोटं. चिकट बाजू हवा लागून वाळलेल्या डिंकासारखी कडक. तरी त्यांनी त्या छातीवर दाबल्या आणि वायर जोडली. एक कड उचलली गेली. "पॅड ठीक से लगाइए," मशीन म्हणालं. त्यांनी तळहाताने दाबून धरल्या. "पॅड की जाँच कीजिए." पुन्हा. "पॅड की जाँच कीजिए."

दिवा मघापर्यंत हिरवा होता. त्यांनी स्वतः पाहिला होता.

"अक्का, शॉक द्या ना!" कोण ओरडलं कळलं नाही.

"पिशवी! माझी पिशवी द्या!"

धुरपदाबाईंनी पिशवी फेकली. छत्री पडली, डबी फुटली, खडीसाखर जमिनीवर विखुरली. दुसरं पाकीट फाटलं. ओल्या, गार, चिकट पट्ट्या हसळीखाली आणि काखेखाली गच्च बसल्या. वायर बदलली.

"मरीज को मत छुइए. जाँच जारी है."

पुनाने हात काढले. सगळे मागे सरले. सुगंधाबाईंचा हात मात्र भाऊंच्या खांद्यावर तसाच होता. मशीन त्यांना नवऱ्याला सोडायला सांगत होतं. आता काही क्षण त्या काळजाचं काय करायचं ते हेच यंत्र ठरवणार होतं, ज्याने अडीच महिने डोळ्यांत डोळे घालून हिरवा दिवा दाखवला होता. एकतीस वर्षांत त्यांनी कधी पेशंटचा हात मशीनच्या सांगण्यावरून सोडला नव्हता.

त्यांनी हात काढला.

"शॉक की सलाह दी जाती है. मरीज से दूर रहिए."

"दूर! सगळे दूर!" त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि चमकणारं बटण दाबलं. भाऊंचं सहा फुटांचं अंग एकदा उसळलं. मशीन म्हणालं, छाती दाबत राहा. पुना पुन्हा वाकला. त्याचे ओठ आकडे मोजत होते आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. घाम असेल, असं सुगंधाबाईंना आधी वाटलं.

मिनिटभराने तोतारामभाऊंनी पुनाचं मनगट धरलं आणि बाजूला ढकलायचा प्रयत्न केला.

जळगावला अँजिओप्लास्टी झाली. शुद्ध आल्यावर भाऊंचं पहिलं वाक्य होतं, "ग्यास नव्हता का मंग?" सुगंधाबाईंनी पाठ फिरवली, पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर बसल्या आणि मग आत येऊन म्हणाल्या, "सलाईन हळू चाललंय. सिस्टरला बोलवा."

मशीन सगळं लिहून ठेवतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डॉक्टरांकडून ती नोंद मागून घेतली. पहिल्या पाकिटातल्या पट्ट्या जोडल्यापासून दुसऱ्या पाकिटातल्या पट्ट्यांतून काळजाची थरथर मशीनला ऐकू येईपर्यंत बावन्न सेकंद गेले होते.

"माणूस वाचला ना, अक्का," डॉक्टर म्हणाले. "बावन्न सेकंद कशाला मोजता?"

"माझ्या पिशवीत पाकीट होतं म्हणून बावन्न. नसतं तर किती झाले असते?"

सावद्याला परतल्यावर त्या शेडात उभ्या राहिल्या, चिरलेलं पाकीट हातात धरून. बावन्न सेकंदांचा हिशोब सांगून एकेकाला विचारलं. प्रकाशचंद म्हणाला, कंपनीनेच जुना माल दिला असेल. टायवाला फोनवर म्हणाला, तुमच्या लोकांनी छेडछाड केली. आणि त्याला जोडून म्हणाला की न जोडलेल्या पाकिटाच्या आतलं मशीनला कळत नाही, पुस्तिकेत लिहिलं आहे, पान एकेचाळीस.

"मग हिरवा म्हणजे हिरवा कोण म्हणालं होतं?"

फोन कट झाला.

धुरपदाबाईंनी लेकराची शपथ घेतली. खोके बांधणाऱ्या मयुरीने चिकटपट्टी ओळखली, पण हात ओळखला नाही. प्रकाशचंद, शेवटी वैतागून, म्हणाला, "अक्का, राग मानू नका. पण डब्याला रोज हात लावणारं माणूस एकच."

शेडात सगळे सुगंधाबाईंकडे बघत होते, आणि त्या नजरा त्यांना ओळखीच्या वाटल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांकडे असंच बघितलं होतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यावरही घ्या संशय. मी पुढची बाजू पाहिली आणि ठेवलं. मागची पाहिली नाही. ती चूक माझीच."

दुपारी पुना घरी आला. चप्पल बाहेर काढली आणि दारातच बसला. आत ये म्हटलं तरी येईना.

"अक्का, त्या बावन सेकंद मना शेतस."

सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. ते बावन्न सेकंद माझे आहेत, असं तो सांगत होता. त्यांचा हात थांबला. सगळ्यांना विचारलं होतं, पण याला फक्त विचारल्यासारखं केलं होतं. सख्खा भाऊ गेलेला, छाती दाबताना रडणारा. याच्यावर कसला संशय घ्यायचा?

"दसऱ्याला?"

"हां. मना भाऊना नावनं यंत्र शे ते. बठ्ठा हत्यारेसनी पूजा व्हयनी. त्याना मात्र नुसता खुंटीले फूल." त्याने नाक पुसलं. "डबानी पूजा करीसन काय व्हई, अक्का? भाकर आत, आन् कुंकू डबाले? मी मागून चिरं. पुढलं चित्र खराब व्हवाले नको म्हनीसन. आतल्या पट्टास्ले कुंकू लावं, हात जोडात, परत चिकटाई दिधं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"दिवा हिरवा व्हता ना. मी म्हंतं, यंत्रले चालनं."

सुगंधाबाई जे बोलल्या ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं. गाढवापासून सुरुवात झाली. आतून तोतारामभाऊंचा आवाज आला, "अव, पुरे कर! त्यानंच दाबली ना माही छाती? दोन फासळ्या मोडल्या बैलानं!"

"तुम्ही झोपा!"

पुना मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. ओरडून झाल्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं. मग आत जाऊन ते चिरलेलं पाकीट आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "उद्यापासून आठ वाजता मशीन तू बघायचं. दिवा, तारीख, पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू. वहीत लिहायचं आणि खाली सही."

"मी? पाकीट मीच फाडेल असताना?"

"म्हणूनच. दुसऱ्या कुणाला मागच्या बाजूची आठवण राहायची नाही."

यंदाच्या दसऱ्याला शेडात पुन्हा हत्यारं मांडली गेली. रुपचंदच्या फोटोखाली भिंतीवर एक चौकट लावलेली आहे. तिच्यात त्या दोन वाळलेल्या पट्ट्या आहेत, मागच्या वर्षीच्या कुंकवासकट. ती कल्पना सुगंधाबाईंची. पूजा करायची तर हिची कर, वर्षभर कर, हिच्यात आता बिघडण्यासारखं काही उरलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पुनाने चौकटीला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात स्वच्छ धुऊन मगच मशीन उघडलं. पाकीट पुढून बघितलं, मागून बघितलं आणि वहीत लिहिलं.

तो बाजूला झाला तशा सुगंधाबाई पुढे झाल्या आणि पाकीट उलटून बघू लागल्या.

"मी आत्तेच पाहं ना, अक्का."

"म्हणून तर बघतेय."

मग त्या काट्याजवळच्या खुर्चीकडे गेल्या. तोतारामभाऊ आपट्याची पानं वाटत बसले होते. त्यांचा डावा हात धरून त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"काय, हिरवा शे का दिवा?" पुनाने लांबून विचारलं. बायका फिस्सकन हसल्या.

"गप बसा सगळे," सुगंधाबाई म्हणाल्या. "मोजू द्या."